डीकनला चालेल असं राज्य

९ मे

कोलंबसहून निघालो ते ओलेटा वाटभर खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं, डोळा लागला. नदीवरचा पूल ओलांडून आपल्या वेस्ट व्हर्जिनियात शिरलो, तशी म्हणाली, "संपला का रे ओहायो?" म्हटलं, "संपला." म्हणाली, "बरं झालं."

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. पोटातली गाठ वाढते आहे. औषध आहे, पण ते दर आठवड्याला शिरेतून द्यायचं आणि नंतर माणूस नजरेखाली ठेवायचा. आमच्या डोंगरातून दर आठवड्याला तेवढा प्रवास तिला झेपणार नाही. तेव्हा मोठ्या हॉस्पिटलाजवळ राहायला या, आणि लवकर या. मी विचारलं, औषध घेतलं तर? म्हणाल्या, एक वर्ष, कदाचित दोन. नाही घेतलं तर? बाईंनी समोरचे कागद सारखे केले आणि म्हणाल्या, पानगळ बघायला मिळेलच असं सांगता येत नाही.

आमच्या रोंडाचं घर तिथून जवळच. पोरीने खोली रिकामी करून ठेवली आहे. न्हाणीघरात आईला धरायला दांडी बसवून घेतली आहे. म्हणजे विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पण रोंडाकडे जेवायला बसलो, तर ओलेटा विचारते, "डीकनची सोय कुठे केली आहेस?"

डीकन म्हणजे आमचं माकड. अंगाने लहान मांजराएवढं, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखे केस आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचं माप काढणाऱ्या कारभाऱ्यासारखा, म्हणजे डीकनसारखा, चेहरा, म्हणून हे नाव. रोंडा घर सोडून शिकायला गेली त्या वर्षी ओलेटाने आणलं. आता म्हातारं झालं आहे. लंगोट बांधून फिरतं, ओलेटाच्या बोटांतून पावटे खातं, आणि मी गाफील दिसलो की मला चावतं.

रोंडा म्हणाली, "मम्मा, ओहायोत माकड ठेवता येत नाही. तसा कायदाच आहे."

"मग ओहायोत मलाही राहता येत नाही," ओलेटा म्हणाली आणि बटाट्याला लोणी फासायला लागली.

११ मे

रोंडाचा फोन. ओलेटा अंगणात होती म्हणून मोकळेपणी बोलली.

"डॅडी, अशा माकडांसाठी आश्रम असतात. झाडं असतात, त्यांच्या जातीची माकडं असतात. मी एकाशी बोलले आहे."

"तुझ्या आईशी बोललीस?"

"ती म्हणाली, आधी तू जाऊन राहा तिथे."

मला हसू आलं. पोरीला रडू आलं. मग मीही हसायचा थांबलो.

"तुला कळतंय का डॅडी, एका माकडापायी काय चाललं आहे हे?"

कळतं आहे. पण ओलेटाचं बोलणं मला लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे. ती आवाज चढवत नाही, तेव्हा तिचं ठरलेलं असतं. काल रात्री मी समजावायला गेलो तर म्हणाली, "जिथे डीकन येईल तिथे मी येईन. ओहायो काही शेवटचं राज्य नाही देशातलं."

हे मात्र तिने खरं सांगितलं. पन्नास राज्यं आहेत. त्यांतलं एक सापडणार नाही का?

१२ मे

दिवसभर वाचत बसलो. शाळेची बस चालवायचो तेव्हा सकाळची मुलं सोडली की दुपारपर्यंत बस उभी असायची. त्या वेळात ज्ञानकोशाचे जुने खंड पहिल्यापासून वाचून काढले होते, तीच माझी शाळा. पण कायद्याची भाषा निराळीच. एका वाक्यात शिरलं की बाहेर पडेपर्यंत कॉफी गार.

कळलं ते असं. आमच्या राज्यातही आता नवं माकड आणता येत नाही. पण कायदा होण्याआधीपासून ज्यांच्याकडे होतं त्यांना ते मरेपर्यंत ठेवू देतात. ह्याला आजोबा-सवलत म्हणतात. आमचा डीकन अशा सवलतीतला आजोबा. मात्र एकदा राज्याची हद्द सोडून राहायला गेलं की सवलत संपली, परत आणता येत नाही. म्हणजे जायचं ते कायमचं. नीट बघूनच निवडलं पाहिजे.

ओलेटाला हे वाचून दाखवलं. म्हणाली, "परत येताच येत नाही?"

"नाही."

"हं," म्हणाली आणि डीकनच्या कानामागे खाजवत राहिली.

१५ मे

राज्य शोधणं म्हणजे लेकीसाठी स्थळ बघण्यासारखं झालं आहे. एकाचं घर चांगलं तर माणसं वाईट, दुसऱ्याची माणसं चांगली तर पाणी लांब. कॅलिफोर्नियाचं नाव काढायला नको, तिथे मुंगसासारखं साधं फेरेट चालत नाही. हवाईत त्याहून कडक. शेजारच्या केंटकीतही नाही. जिथे माकड चालतं तिथे चांगलं हॉस्पिटल लांब, हॉस्पिटल जवळ तिथे माकड नाही.

आणि मग सापडलं. टेनेसी! फोन करून विचारलं. पलीकडची पोरगी गोड बोलणारी. म्हणाली, हो, असं लहान माकड चालतं. नॉक्सव्हिलला मोठं हॉस्पिटल आहे, आमच्या डॉक्टरीणबाई तिथल्या कुणाला ओळखतात. डोंगरही आपल्यासारखेच.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओलेटाला उचलूनच घेणार होतो, पण आता तिला उचलायला भीती वाटते, इतकी हलकी झाली आहे.

ती खुर्चीत बसली, चष्मा पुसला. "वाच बरं, तिथे काय काय चालत नाही?"

मी म्हटलं, "जे चालत नाही त्याच्याशी आपल्याला काय करायचं आहे?"

"वाच तर खरं. माणसाने जाण्याआधी सगळं बघावं."

वाचलं. वाघ, अस्वल, विषारी साप, घाण वास फवारणारा स्कंक, असं बरंच. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं थकली. पण शेवटी म्हणाली, "स्कंकसुद्धा नाही? गरीब जनावर ते."

जनावरांच्या बाबतीत तिचं काळीज असं आहे.

१९ मे

नॉक्सव्हिलला एक जागा मिळते आहे. तळमजला, मागे कुंपण. मालकाला माकडाचं सांगितलं. तो म्हणाला, "माझी सासू तिथे राहून गेली आहे, माकडाचं काय घेऊन बसलात?" हॉस्पिटलाने जूनच्या पहिल्या आठवड्यातली वेळ दिली.

रोंडाला कळवलं. तिला वाईट वाटलं की आई तिच्याकडे येत नाही, पण म्हणाली, "चालेल डॅडी. कुठेही चालेल. फक्त घेऊन जा तिला."

खोकी आणायला लागलो आहे.

२२ मे

आज घरात स्कंक आला.

खालच्या वळणावरची नेडा ब्रॅग कुशीत टोपली घेऊन आली. टोपलीत काळंपांढरं, झुपकेदार शेपटीचं ध्यान. मी दोन पावलं मागे सरलो, तशी नेडा खो खो हसली. "घाबरू नको एल्डन, वासाची पिशवी काढलेली आहे हिची. तू तिच्यापेक्षा जास्त घाण वास मारतोस." तिच्या कुणा भाच्याने पाळली होती, तो आता नोकरीला बाहेर गेला.

मी म्हटलं, "नेडा, आम्ही राज्य सोडून चाललो आहोत आणि तू आम्हाला जनावर देतेस?"

ती म्हणाली, "मी देतेय? तुझ्या बायकोने मागितली. कुणाकडे पाळलेला स्कंक आहे का म्हणून अख्ख्या गावाला फोन करून झाले तिचे. पाव भाजत होते, तिने तीनदा जाळायला लावले."

ओलेटाने तोवर टोपली मांडीवर घेतली होती. "मेबल नाव आहे हिचं," म्हणाली. "हिला कुणी नाही रे, एल्डन."

कुणी नाही! असल्या वेळीही हिला दुसऱ्याचंच पडलेलं. रागावलो, पण मनातून अभिमानही वाटला.

रात्री अंथरुणात लक्षात आलं. टेनेसी. स्कंक.

२३ मे

सकाळीच फोन केला. तीच गोड पोरगी. "नाही हो, स्कंक मुळीच नाही. रेबीजमुळे." म्हटलं, म्हातारी आहे, गरीब आहे, टोपलीत झोपते. म्हणाली, "आजोबा, मी तरी काय करू?"

ओलेटाला म्हटलं, मेबल नेडाला परत देऊ.

"एकदा दारात घेतलेल्याला परत घालवायचं?"

"ओलेटा, तुझं औषध आहे तिथे!"

"ओरडू नको. डीकन घाबरतो."

डीकन अजिबात घाबरला नव्हता. कपाटावर बसून माझा चष्मा चाटत होता.

नॉक्सव्हिलच्या मालकाला नाही म्हणून कळवलं. मग ट्रकमध्ये जाऊन बसलो. कुठे जायचं नव्हतं. नुसता बसलो.

३० मे

चार दिवस तिच्या पोटात काही ठरत नाही. सकाळी तिला न्हाऊ घातलं. पाठीचे मणके हाताला लागतात, एकेक मोजता येतो. मी बोलत राहिलो, हवापाण्याचं, चर्चमधल्या नव्या पेटीवाल्याचं. ती म्हणाली, "एल्डन, तू गप्प बसलास तरी मी आहे हो इथेच."

डॉक्टरीणबाईंच्या ऑफिसातून फोन. कुठलं हॉस्पिटल ते लवकर ठरवा, उशीर झाला तर औषध देण्यात अर्थ राहणार नाही.

आज मनात आलं ते इथे लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार? डीकन मरावा असं वाटलं. म्हातारा आहे, एखाद्या सकाळी उठलाच नाही तर सगळे रस्ते मोकळे. दुपारी तो ओलेटाच्या उशीवर झोपला होता आणि मी त्याच्या पोटाकडे बघत उभा होतो, श्वास चालू आहे का म्हणून. त्याने एक डोळा उघडला आणि माझ्याकडे बघितलं. मी ओशाळून बाहेर आलो.

२ जून

माझा भाऊ डेल्बर्ट इंडियानात आहे, तेल कंपनीतून निवृत्त झालेला. त्याला कंटाळून गेले कित्येक महिने मी फोन केला नव्हता. आज केला.

"माकड आणि स्कंक?" तो म्हणाला. "तू आणि ओलेटा धरून चार झाले. कुणाला परवाना लागेल ते आधी सांग."

पण आहे कामाचा माणूस. दुपारपर्यंत स्वतः चौकशी करून उलट फोन केला. इंडियानात माकड चालतं. स्कंकला परवाना काढावा लागतो, पण मिळतो. त्याच्या घराजवळ एका बाईंचं छोटं घर भाड्याने आहे. हॉस्पिटल पंधरावीस मिनिटांवर.

दोन्ही चालतात! मी टेबलावर मूठ आपटली, मेबल खुर्चीखाली पळाली.

ओलेटाला सांगितलं. वाटलं होतं हसेल. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मग म्हणाली, "किती धडपडतोस रे."

"तुझ्यासाठी नाही. मेबलसाठी," मी म्हटलं.

ती हसली, पण डोळे पुसले. आनंदाने असेल. मग उशीला टेकून म्हणाली, "बरं वाच. तिथे काय काय चालत नाही?"

५ जून

हॉस्पिटलाने वेळ दिली. बाईंशी घराचं बोलून झालं. हिची कपाटं आवरायला घेतली. ती पलंगावरून सांगते, हे ठेव, ते दे. देण्याचा ढीगच मोठा होतो आहे. हिवाळी कोटसुद्धा रोंडाला दे म्हणाली. मी म्हटलं, इंडियानात वारा कसा बोचतो ठाऊक आहे का? कोट खोक्यात भरला.

९ जून

काल रात्री पाऊस झाला. सकाळी ओलेटाला ओसरीवरच्या खुर्चीत बसवून मी आत कॉफी करायला गेलो. परत येतो तर बाई खुर्चीत नाही! पायऱ्या उतरून, कठड्याला धरून, टोमॅटोच्या वाफ्यापाशी खाली बसलेली. आजारी बाई, ओल्या मातीत! हातात कासव. आमच्याकडे रानात सापडतं ते, पिवळ्या ठिपक्यांचं, पाय-डोकं आत घेऊन डब्यासारखं गच्च मिटणारं.

"हा सिनेटर," ती म्हणाली. "दरवर्षी टोमॅटो खायला येतो. म्हातारा झालाय. ह्याला आता सांभाळायला हवं. हाही आपल्याबरोबर येईल."

मी म्हटलं, येऊ दे बाई, कासवाचं काय ओझं? न भुंकणारं, न चावणारं. जुन्या टबमध्ये माती घालून दिली. दुपारी डेल्बर्टला गंमत म्हणून सांगितलं.

 तो म्हणाला, "एल्डन, कासव कुठलं? डब्यासारखं मिटणारं? अरे, इथे ती कमी होत चालली आहेत म्हणून घरात ठेवायला बंदी आहे. खास परवाना लागतो, आणि रानातून उचललेल्याला तो देत नाहीत."

सबंध इंडियानाला माकड चालतं. स्कंक चालतो. आणि कासव चालत नाही! यादीत मीच वाचलं असणार, ध्यानात राहिलं नाही.

मी जाऊन ओलेटाला सांगितलं. ती म्हणाली, "अरेरे. काय एकेक कायदे." आणि म्हणाली, "थोडी मक्याची भाकर आहे का रे? आज भूक लागल्यासारखं वाटतंय."

पावट्याची उसळ आणि भाकर खाल्ली. दोनदा मागून घेतली. पंधरा दिवसांत इतकी खाल्ली नव्हती. देवाचं गणित मला कळत नाही. सगळं बुडालं त्या दिवशीच हिला भूक लागते.

११ जून

रोंडाचा फोन. ऐकू येत नव्हतं इतकी ओरडत होती.

"कासव, डॅडी? कासव? फेकून दे ते! तू घरातला मोठा माणूस आहेस ना?"

"तुझी आई—"

"तिला धरून गाडीत घाल! मी येते, मी घालते! तुला तिच्यापेक्षा तिची जनावरं मोठी झाली का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, "डॅडी, आहेस का?" म्हटलं, आहे. 

ती म्हणते ते बरोबर आहे. मी उगाच भला माणूस होऊन बसलो आहे. शुक्रवारी इंडियानात तिची वेळ आहे. ह्यानंतरची वेळ मिळेल, पण तोवर ती कुठे असेल?

१२ जून

केलं.

ती दुपारची झोपली असताना सिनेटरला टबमधून काढलं, खोक्यात घातलं, ट्रकमध्ये ठेवलं. कड्यापलीकडच्या सरकारी रानात गेलो, जिथून चालत यायचा प्रश्न नाही इतका लांब. ओढ्याकाठी सावली बघून सोडला. त्याने डोकं बाहेर काढलं नाही. मी म्हटलं, "माफ कर बाबा. तुझ्यापेक्षा ती मोठी आहे." आणि मागे न बघता निघालो.

परत आलो तर ती जागी. रिकाम्या टबाकडे बघत होती. डीकन तिच्या खांद्यावर.

"कुठे सोडलास?"

खोटं बोलायचं ठरवून आलो होतो. जमलं नाही. सांगितलं. म्हटलं, "चांगली जागा आहे. पाणी आहे, अळंब्या आहेत. आपल्या अंगणापेक्षा बरी. आता शुक्रवारी जायला हरकत नाही."

ती कधी रडत नाही. डॉक्टरीणबाईंचं ऐकलं तेव्हाही रडली नव्हती. आज रडली. तोंड झाकायला हात वर उचलायचीही ताकद नव्हती, तशीच रडत राहिली.

"तुला ठाऊक नाही," म्हणाली. "ते ह्या जातीचं कासव आहे. जिथे जन्मतं तेवढ्याच टापूत आयुष्य काढतं. दुसरीकडे नेऊन सोडलं तर तिथे कितीही चांगलं असो, राहत नाही. घर शोधत निघतं. मरेपर्यंत शोधत फिरतं, एल्डन. खात नाही, थांबत नाही. नुसतं फिरतं."

"बरं, मग दुसरं काय करायला हवं होतं मी?" माझा तोल गेला. "माकड झालं, स्कंक झाला, कासव झालं! तुला औषध द्यायला मी आणखी किती राज्यं शोधू?"

"शोध ना. मी उद्या आणखी काही आणीन."

"काय?"

"साप आणीन. कुठे चालत नाही ते बघून आणीन." ती माझ्याकडे बघत होती, डोळे पुसत नव्हती. "इतकी वर्षं बस चालवलीस. प्रत्येक पोराला त्याच्या दारात उतरवलंस. वादळात, बर्फात. एकही पोर दुसऱ्याच्या थांब्यावर उतरवलं नाहीस. आणि मला मात्र एकदाही विचारलं नाहीस, ओलेटा, तुला कुठे उतरायचं आहे?"

 डीकन तिचे केस विंचरल्यासारखे चाळत होता.

मी काय म्हणालो ते लिहावंसं वाटत नाही. मी म्हणालो, "औषध घेतलं तर दोन वर्षं मिळतील."

ती म्हणाली, "कुणाला?"

१३ जून

पहाटेपासून पाऊस. ओलेटाजवळ नेडाला बसवून निघालो. नेडाने विचारलं, "कुठे?" म्हटलं, कासव शोधायला. ती हसायला लागली, मग माझा चेहरा बघून थांबली. स्वतःच्या नवऱ्याची छत्री दिली.

ओढ्याकाठी जिथे सोडला होता तिथे नव्हता. छत्री टाकून दिली, झाडीत चालत नाही. गुडघ्यांवर बसून पानं उचकत गेलो. माझ्या वयाच्या माणसाने असं रांगू नये. एका पडलेल्या झाडाच्या खोडाला टेकून बसलो आणि मोठ्याने रडलो. रानात कोण ऐकतं? शुक्रवार डोक्यात घोळत होता. तिला उचलून गाडीत घातलं असतं तर ती आली असती. विरोध करायला अंगात काय आहे तिच्या? मागच्या सीटवर उशी ठेवायची आणि निघायचं. हे मी पूर्वीही मनात म्हटलं होतं, आज पहिल्यांदा त्या सीटवर ती कशी बसली असती ते दिसलं. खिडकीला डोकं टेकून.

मग उठलो. विचार केला, तो घर शोधत असेल तर कुठे जाईल? ट्रकने आलो तो रस्ता कड्याला वळसा घालून येतो. पण आमचं घर सरळ वर, कड्याच्या पलीकडे. म्हणून सरळ वर चढायला लागलो.

दुपारी सापडला. फारसा पुढे गेलेला नव्हता. चढावर, ओल्या दगडांमधे, एक पाय अडकलेला, मान लांब काढलेली. मी समोर येऊन बसलो तरी मिटला नाही. माझ्या अंगावरून जाता येईल का, ते बघत होता.

घरी आणला. टबात नाही घातला, टोमॅटोच्या वाफ्यात ठेवला, खिडकीतून तिला दिसेल असा.

नेडा गेल्यावर ओलेटाने माझे चिखलाचे गुडघे बघितले. "एवढं रांगलास?"

"हो."

"सापडला नसता तर?"

"रांगत राहिलो असतो."

मी पलंगाच्या कडेला बसलो. डीकनने माझा अंगठा हातात धरला. वाटलं चावणार, पण नुसता धरला आणि वास घेतला.  मग मी विचारलं. विचारायला इतकं अवघड जाईल असं वाटलं नव्हतं. बसमध्ये रोज विचारायचो, नव्या पोराला, तू कुठे उतरणार रे? तसंच विचारलं.

ती म्हणाली, "इथे."

१४ जून

रोंडाला सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. म्हणाली, "म्हणजे तू तिला जाऊ देतोयस." मी म्हटलं, "ती जात नाहीये, पोरी. तेच तर सांगतो आहे." तिला ते पटलं नाही. मलाही धड पटलेलं नाही. शनिवारी येते म्हणाली, सुट्टी घेऊन, किती दिवस ते माहीत नाही. म्हणाली, माकड माझे केस ओढतं. म्हटलं, टोपी घालून ये.

मग डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी घरी येणाऱ्या नर्सचं नाव दिलं, दुखणं कमी करायच्या औषधांचं सांगितलं. समजावायचा प्रयत्न केला नाही. इतक्या लवकर मानल्या म्हणून मला त्यांचाच राग आला.

शेवटी इंडियानातल्या घरमालकीणबाई. बाई भली. मी म्हटलं, आम्ही येत नाही. त्या म्हणाल्या, "जागेत काही कमी आहे का? सांगा, करून देते. कुंपण उंच हवं आहे का माकडासाठी?"

म्हटलं, "नाही हो, जागा छान आहे."

"मग?"

पलीकडच्या खोलीत ओलेटा बोलायची थांबली होती. मेबलला काहीतरी सांगत होती ती, मधेच थांबली. ऐकत असावी.

"घरच्यांना पसंत पडली नाही," मी म्हणालो.